खिडकीकडचा उथळ कोपरा

हिराजीकाका दुकानाची पायरी चढताना दिसले की मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलाखाली सरकवायची. रोज एक तारीख फाडायचं, जाड गठ्ठ्याचं कॅलेंडर असतं ना, ते. काकांच्या मते पनवेलच्या अख्ख्या बाजारात भरवशाची वस्तू ती एकच. "पयल्या तारखेपासून शेवटल्या तारखेपरयंत कागद एका जाडीचा हाय बग. तुज्या मशीनपरीस शाना," असं म्हणत ते चार-पाच तारखा फाडायचे आणि लाकडाच्या फळीखाली सारायचे. एकदा जानेवारीत शाळेचे पीटीचे सर सव्वीस तारखेच्या ढालींची ऑर्डर घेऊन आले, भिंतीकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. भिंतीवर पंचवीस जानेवारी होती. खरी तारीख होती अकरा. मी सरांना पाणी देऊन समजावतेय तोवर आतून आवाज आला, "बाय, आजून दोन फाडतो गं."

हा माणूस माझ्या नात्यातला नव्हता, नोकर नव्हता की भागीदारही नव्हता. तरी त्यांनी माझे चार महिने आणि निम्मं डोकं खाल्लं, आणि आज मी त्यांच्यावरच लिहायला बसले आहे. त्याचाही मला रागच येतो.

जुन्या पनवेलात बाजारामागच्या गल्लीत माझं पाट्यांचं दुकान आहे. दारावरच्या नावाच्या पाट्या, ट्रॉफी, ढाली, देवळातल्या देणगीदारांचे फलक. पूर्वी सगळं हातानं नाहीतर स्टिकर चिकटवून चालायचं. मग पुण्याच्या एका हौशी इंजिनिअरनं घरच्या गॅलरीत जोडलेलं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरकामाचं मशीन, मी विकत घेतलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोला गॅलरी मोकळी हवी होती. तीन फूट बाय दोन फुटांचं टेबल, त्याला बेड म्हणायचं; बेडवर एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, जाड पाटी बसवलेली; वरून पुढे-मागे सरकणारा आडवा पूल, पुलाला लटकलेली मोटर आणि मोटरच्या तोंडात गरगर फिरणारं टोकदार बिट. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडून द्यायची, की बिट फळीत ठरल्या खोलीपर्यंत उतरतं आणि कोरत जातं. निदान पुण्यात तरी तसं जात होतं. पनवेलचा एक पावसाळा अंगावर घेतल्यावर त्यानं रंग दाखवला. पाटीच्या एका टोकाला अक्षरं खोल आणि ठसठशीत, तर खिडकीकडच्या कोपऱ्यात मांजरानं ओरखडल्यासारखी. टोकदार बिटची खोडच ती. खोली जराशी कमी झाली की अक्षर लगेच बारीक होतं. लहान पाट्या मी बेडच्या मध्यावर ठेवून भागवत होते. मोठी पाटी आली की कोपऱ्यातली अक्षरं मागाहून हातानं खोल करत होते. गिऱ्हाइकाला काही कळत नव्हतं आणि मी सुखात होते.

त्या वर्षी विमानतळाच्या जागेवरची गावं उठायला लागली होती. जुनं घर पाडायचं, मिळालेल्या प्लॉटवर नवं बांधायचं, आणि ते होईपर्यंत उलव्यात नाहीतर पनवेलात भाड्यानं राहायचं. हिराजी घरत असेच माझ्या दुकानावरच्या खोलीत बायकोला घेऊन राहायला आले. त्यांच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या गावांतली माणसंही माझी गिऱ्हाइकं आहेत, आमचं का नाही लिहिलंत म्हणून भांडायला येतील. काकांचं घराणं मिठागरवाल्यांचं. बाप-आजे आगरात राबले, हे स्वतः न्हावा शेव्याच्या बंदरात, वर्कशॉपात फिटर होते. तिथून ते रिटायर झाले, पण त्यांच्या हातांना ती बातमी कुणी दिली नव्हती.

खोली बघायला आले त्याच दिवशी त्यांनी काउंटरवरची एक तयार पाटी उचलली, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख अक्षरांतून हळूहळू फिरवलं. पाटी एका डॉक्टरांची होती आणि डॉक्टर ती न्यायला समोरच उभे होते. काकांनी डोळे उघडले आणि मला सोडून थेट डॉक्टरांनाच सांगितलं, "तुमचा नाव खोल हाय डाक्टर. डिग्री वरवर हाय." डॉक्टरांनी पाटी नेली नाही. त्यांना मी दुसरी करून दिली, ती कोरताना काका शेजारी उभे होते, आणि तेव्हापासून ते तिथून हललेच नाहीत.

सकाळी दहाला यायचे. हातात स्वतःच्या चहाची स्टीलची बाटली, कारण माझा चहा त्यांना सरबत वाटायचा. खिशात नखाएवढी पेन्सिल आणि घड्या पडलेला रुमाल. मशीनला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत, 'ह्यो' म्हणायचे. "ह्यो काल काय बोलला?" असं विचारत आत शिरायचे. "आदी मोज, मंग बोल," हे तर दिवसातून दहा वेळा. कुणाची स्तुती करायची वेळ आलीच तर "बरा हाय" एवढं म्हणायचे, आणि तेही पाठ वळवून. मशीन अडलं तर ताबडतोब बंद करायला म्हणून पुढच्या बाजूला एक लाल बटण असतं. ते संकटकाळासाठी आहे हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. काकांचं संकट म्हणजे एखाद्या अक्षराची मात्रा जरा बारीक दिसणं. दण्णकन बटण दाबायचे. दाबलं की काम जिथल्या तिथे मरायचं, फळी वाया जायची, आणि काका शांतपणे म्हणायचे, "चुकीचा पुरा करून काय करशील?" त्या चार महिन्यांत त्यांनी ते बटण इतक्या वेळा दाबलं, की त्याची स्प्रिंग ढिली पडली.

मी त्यांना हाकललं का नाही, असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं. हाकललं होतं, दोनदा. दुसऱ्या दिवशी दहाला ते आपले हजर.

कोपरा उथळ का, यावर काकांचं उत्तर पहिल्या आठवड्यातच तयार होतं. टेबल तिरपं आहे. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यांनी कुठून तरी पैदा केली आणि टेबलाचे चारी कोपरे नळीतल्या पाण्याच्या पातळीला आणायला सुरुवात केली. एका पायाखाली वीट, दुसऱ्याखाली फरशीचा तुकडा, तिसऱ्याखाली अर्थातच माझ्या तारखा. तीन दिवस दुकानात मशीन बंद आणि जमिनीवर पाणी. मी कुरकुर केली तर मला खाली बसवून आगराची गोष्ट सांगितली. मिठाचा वाफा आधी पायांनी तुडवून तुडवून सपाट करतात, मग त्यात बोटभर पाणी सोडतात. वाफ्याला कुठं उंचवटा राहिला की पाणीच दाखवून देतं. तिथं मीठ आधी धरतं आणि काळं धरतं. "मानूस खोटा बोलल, फूटपट्टी खोटी बोलल. पानी खोटा बोलत नाय. माजा बापूस बारा वाफं नुस्त्या पान्यावर बसवायचा."

तिसऱ्या दिवशी टेबल इतकं समपातळीत आलं, की त्यावर गोटी ठेवली तर ती जागची हलेना. काकांनी बाटलीतला चहा ओतून घेतला, मला पहिल्यांदाच अर्धा कप दिला आणि म्हणाले, "लाव आता." मी मशीन लावलं. खिडकीकडचा कोपरा होता तसाच उथळ.

मी म्हटलं, "काका, अहो मशीनला पृथ्वीशी काय घेणंदेणं? टेबल तिरपं असलं तरी पूलही त्याच्याबरोबर तिरपा होतो. बेड आणि बिट यांच्यात अंतर सगळीकडे सारखं पाहिजे, एवढंच. एमडीएफ पावसात फुगलंय, कुठं वर आलंय, कुठं बसलंय. त्याच बिटनं बेडचा वरचा थर तासून काढला की झालं. मशीन स्वतःचा बेड स्वतःपुरता सपाट करून घेतं. सगळे तेच करतात."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी चोरी करायला सांगत होते. "वाकड्यानं वाकड्याला मोजायचा? मंग त्यो सरल कवा व्हनार?"

"त्याला सरळ व्हायचंच नाहीये!"

"मंग तू पन असंच वाकडंतिकडं काम कर," म्हणाले आणि नळी गुंडाळून वर निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. माझ्या आयुष्यातले ते दोन फार सुखाचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी दहाला आले, आणि येताना ती फळी घेऊन आले.

शिवणीच्या लाकडाची फळी, तीन फूट लांब, पिवळसर, एकही गाठ नाही. गाव आता तीन-चार ठिकाणी विखुरणार होतं. नव्या जागेवर देऊळ उभं राहत होतं आणि अक्षय तृतीयेला देव बसायचे होते. देवळात गावातल्या सगळ्या घरांची नावं कोरलेली फळी लावायची असं गावकीनं ठरवलं होतं, आणि ते काम काकांकडे आलं होतं. म्हणजे माझ्याकडे. काकांच्या खिशातला कागद चौपदरी होता आणि त्यावर शंभराच्या वर नावं होती. मी म्हटलं, अक्षरांच्या क्रमानं लावते. ते म्हणाले, नाय. वयानं? नाय. "घरं उभी होती तशीच नावं लावायची. चार आल्या, चार रांगा. तलावाकडून सुरू, खाडीकडं शेवट. उद्या कोनी पोर इचारील, आपला घर कुटं होता, तर ह्यावर बोट ठेवून दाखवायचा."

चार आळ्यांच्या चार रांगा ही कल्पना मला आवडली, हे कबूल करते. रांगा लावता लावता खाडीकडच्या आळीतलं सर्वांत शेवटचं घर आलं. नारायण घरत. त्याच्या आधीचं हिराजी घरत.

"हे कोण, तुमचे भाऊ?"

"लिव पुडं."

पुढे लिहायला काही नव्हतंच, ते शेवटचं नाव होतं. बाकीची हकीकत मला काकूंनी वरून खाली येऊन सांगितली. दोघा भावांची घरं एका भिंतीची. जमीन द्यायची की नाही यावर गावात सभा चालू असताना धाकट्या नारायणनं घरात न विचारता संमतीच्या कागदावर सही करून टाकली. हिराजीकाका शेवटपर्यंत सही न करणाऱ्यांपैकी होते. सगळं गाव उठणार म्हटल्यावर शेवटी त्यांनीही केली, पण त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि एक शब्द नाही. "दोगं पन खाटेवर पडून एकमेकांचा खोकला आयकायचं," काकू म्हणाल्या.

आता गंमत अशी, की फळी बेडवर ठेवली की नारायणचं नाव बरोब्बर खिडकीकडच्या कोपऱ्यात येत होतं. साध्या प्लायवर एकदा सगळी फळी कोरून बघितली. पहिल्या तीन आळ्या ठीक. चौथीत नावं उतरत उतरत बारीक झाली, हिराजीपाशी पुसट झाली, आणि नारायण तर शोधावा लागला. काकांचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांत मी त्यांना रागावलेले, कुरकुरलेले, हट्टाला पेटलेले सगळे बघितले होते. घाबरलेले पहिल्यांदा बघत होते.

"ह्यो नाय चालनार," म्हणाले. "लोक बोलतील हिराजीनं भावाला बुजवला."

"मग फळी उलटी फिरवते. तो कोपरा तलावाकडच्या आळीला जाईल."

"मंग तलावाकडचं उथल व्हतील. त्यांनी काय केला?"

"मागाहून हातानं खोल करते. मी नेहमी करते तसं."

हे मी बोलायला नको होतं. "म्हंजे सगली नावं मशीननं आनि माज्या भावाचा हातानं? शंभर घरांत त्याचा येकट्याचा येगला? जा बाय, तू तर भांडान लावशील."

'माज्या भावाचा' हे शब्द चार वर्षांनी तोंडातून निघाले असावेत, कारण त्यानंतर ते बराच वेळ रुमालानं कपाळ पुसत बसले.

मग जे सुरू झालं ते आठवलं तरी माझं रक्त तापतं. काकांनी कोपऱ्याखाली तारखा सारायला सुरुवात केली. पाच कागद, आठ कागद, बारा कागद. कोपरा वर यावा तर फळीचं पोट वर यायचं. पोट दाबायला क्लॅम्प आवळावा तर कागद दबून पुन्हा कोपरा खाली. दर वेळी नवीन प्लाय, दर वेळी शेवटाला लाल बटण. माझ्या दुकानात जत्रेच्या ढाली अडकल्या, गृहप्रवेशाच्या पाट्या अडकल्या. लोक घरात राहायला जाऊन महिना झाला, दारावर नाव नाही. मी आवाज चढवला की ते म्हणायचे, "आदी मोज, मंग बोल." मोजून मोजून माझं नखसुद्धा त्यांच्या नखासारखं पिवळं पडलं. मला मशीनचा राग येत नव्हता, पुण्याच्या इंजिनिअरचा येत नव्हता, या माणसाचाच येत होता. कारण उपाय हातात होता, एका दुपारचं काम होतं, आणि केवळ त्यांच्या बापानं वाफे पाण्यावर बसवले होते म्हणून ते मला करू देत नव्हते.

तृतीया चार दिवसांवर आली तेव्हा माझा तोल गेला. मी फळी उचलून त्यांच्या हातात दिली. "काका, एक तर बेड तासू द्या, नाहीतर ही फळी दुसरीकडे न्या. आणि आता माझं ऐका. तुमच्या आगरात वाफ्याला पाण्याशी जुळवून घ्यावं लागतं, कारण वर पाणी आहे. इथं पाणी नाही. इथं हे बिट फिरतं ना, ते फिरतं ती पातळी म्हणजे इथलं पाणी. बेड त्याला लागून हवा. पृथ्वीला नाही, तुमच्या बापालाही नाही."

बाप काढल्यावर मीच चपापले. काका फळी घेऊन वर गेले. काकूंनी संध्याकाळी सांगितलं, जेवले नाहीत, कोपऱ्यात फळीशी काहीतरी खाटखूट करत बसलेत.

सकाळी दहाला आले आणि दारातूनच म्हणाले, "तास."

रुंद बिट लावून मी बेड तासायला घेतला. एमडीएफचा पिवळा भुसा उडत होता आणि काका नाकाला रुमाल बांधून बघत होते. पहिल्या फेरीत मधला भाग उजळला. खिडकीकडच्या कोपऱ्याला बिट टेकलंच नाही, वरूनच फिरून गेलं. दुसऱ्या फेरीतही नाही. तिसऱ्या फेरीला कुठं ते लागलं. काका वाकले, भुसा झटकला, नख फिरवलं. "येवडा खड्डा व्हता?" एवढंच म्हणाले. माफी वगैरे काही नाही. मी तिची वाटही बघत नव्हते, पण कुणी मागितली असती तर मी नाही म्हणाले नसते.

फळी त्यांनी स्वतः बेडवर ठेवली, स्वतः आवळली. मला हात लावू दिला नाही. कोरायला चार तास लागणार होते. तलावाकडची आळी झाली, मधल्या दोन झाल्या. सगळी नावं एका खोलीची, एका जाडीची, बघत राहावं अशी. काका बटणाशेजारी उभे होते आणि एकदाही दाबलं नव्हतं. मी निर्धास्त होऊन पुढे गिऱ्हाइकाशी बोलत बसले. बऱ्याच वेळानं मशीनचा आवाज जड झाला, बिट जास्त लाकूड खात असलं की होतो तसा. मी आत धावले.

शेवटची नावं चालली होती. हिराजी घरत जरा ठळक आलं होतं. आणि नारायणचा 'ना' नुकताच उतरला होता, इतका खोल आणि रुंद, की शेजारच्या अक्षरांच्या दीडपट. काकांचा तळहात लाल बटणावर होता.

"काका, दाबा! ते फार खोल जातंय!"

"दिसतंय मना."

"अहो मग दाबा ना!" मी हात पुढे केला. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. दुखेल असं नाही, पण सुटणार नाही असं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मात्रेला, वेलांटीला, उगाच संशयाला म्हणून बटण दाबणारा माणूस. तो बटणावर तळहात ठेवून उभा राहिला आणि 'नारायण घरत' शेवटच्या अक्षरापर्यंत कोरू दिलं. मशीन थांबल्यावर आम्ही फळी सोडवली. तिच्या मागच्या बाजूला, त्या कोपऱ्यात, डिंकानं चिकटवलेली तारखांची गड्डी होती. आदल्या दिवशी वर बसून बेडचा खड्डा भरून काढायला म्हणून त्यांनीच चिकटवली होती. बेड तासल्यावर खड्डा उरला नाही, पण गड्डी काढायची राहिली आणि कोपरा वर उचलला गेला. इतकी साधी चूक, आणि तीही त्यांच्या हातून! मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी गड्डी सोलून काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि फळी घेऊन वर निघून गेले.

अक्षय तृतीयेला मी देवळात गेले. बोलावणं काकूंचं होतं, काकांनी फक्त "ये" म्हटलं होतं. नवीन प्लॉटांवर अर्धी घरं विटांचीच होती, रस्त्यावर खडी, न्हावा शेव्याच्या कंटेनरच्या गाड्यांची धूळ सगळ्या मांडवावर. फळी गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीला लावली होती आणि तिच्यासमोर गर्दी हटत नव्हती. माणसं बोटानं आपापलं घर शोधत होती आणि सापडलं की शेजारचं कुणाचं ते मोठ्यानं वाचत होती. एक म्हातारी तर नावांवरून बोट फिरवत तळ्यावर पाण्याला निघाल्यासारखी आळीआळीतून चालली होती. आणि शेवटी प्रत्येकाची नजर त्या कोपऱ्याशी अडकत होती. "हिराजीनं भावाचा नाव सगल्यांत खोल घातला!" ही गोष्ट मांडवभर झाली होती. जो तो येऊन काकांच्या पाठीवर थाप मारत होता आणि काका जो येईल त्याच्यावर खेकसत होते, "मशीनची चूक हाय! मशीनची!"

मग गर्दी जरा बाजूला झाली. काकांसारखाच, पण बारीक अंगाचा, डोक्यावर टोपी घातलेला एक माणूस फळीपुढे येऊन उभा राहिला. त्यानं बराच वेळ फळी वाचली. वाचायला एवढं काही नव्हतं, दोनच शब्द होते. मग मागे न वळताच म्हणाला, "दादा, माजा नाव येवडा मोटा कशाला रं?"

काकांचे कान लालबुंद झाले. "मशीनची चूक हाय बोललो ना! सस्तातला मशीन हाय, कोपरा मारतो. हिला इचार. बाय, सांग त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार महिने जे वाक्य मला या माणसाच्या तोंडावर फेकायचं होतं, ते बोलायची वेळ शेवटी आली होती.

"मशीन बरोबर होतं," मी म्हटलं. "मशीनची काही चूक नव्हती. काका पूर्ण वेळ त्याच्या शेजारी उभे होते, आणि बंद करायचं बटण त्यांच्या हाताखाली होतं."

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

काका मांडवातूनच परस्पर नव्या घरात गेले, माझ्या दुकानावरच्या खोलीत परत आले नाहीत. पुढच्या वर्षी ते वारले, हे मला काकूंकडून उशिरा कळलं. त्यामुळे त्या मांडवात बघितलं तेच शेवटचं. पंगत बसत होती. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की बटण असतं तर मला दाबून बंदच केलं असतं. नारायणनं आपल्या शेजारचं पान सरळ केलं आणि पुढं पाणी ठेवलं, बस वगैरे काही म्हणाला नाही. काका गेले आणि बसले. मी पंगतीच्या अलीकडच्या टोकाला उभी होते. मला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून ते मुद्दाम माझ्याकडे पाठ करून वळून बसले, आणि त्यामुळे तोंड भावाकडे झालं.